कानाचं मशीन म्हणजे चष्मा नव्हे

"आप्पा, चष्मा लावता ना तुम्ही? मग हेही तसंच." कानाच्या मशीनसाठी वडिलांचं मन वळवताना हे वाक्य मी वीसेक वेळा तरी म्हटलं असेल. बोलायला सोपं, ऐकायला गोड, आणि साफ चुकीचं. चष्मा चढवला की समोरची पाटी त्याच क्षणी वाचता येते. आप्पांनी मशीन घातलं तेव्हा त्याच क्षणी त्यांना ऐकू आला तो पंखा, प्लास्टिकच्या पिशवीची चरचर, स्वतःच्या चपला आणि मोरीत आपटलेलं पातेलं. माणसाचं बोलणं त्या गदारोळात कुठेतरी हरवून गेलं. चौथ्या दिवशी मशीन डबीत गेलं, डबी कपाटात गेली, आणि ती पुन्हा बाहेर यायला पावणेदोन वर्षं लागली.

चष्म्याच्या बाबतीत बहुतेक वेळा दोष प्रकाश नीट एकवटण्यातला असतो, मागचा पडदा शाबूत असतो. भिंग बदललं की काम झालं. वयामुळे किंवा मोठ्या आवाजामुळे ऐकू कमी येतं तेव्हा मात्र आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत असलेल्या नाजूक केसपेशी मेलेल्या असतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मशीन उरलेल्या पेशींपर्यंत आवाज पोचवतं. त्या आवाजाचा अर्थ लावायचा तो मेंदूने, आणि मेंदू तर कित्येक वर्षं अर्धवट शांततेला सरावलेला. म्हणजे मशीन विकत घेणं एका दुपारचं काम, ते अंगवळणी पाडणं दोन-तीन महिन्यांचं. आमचे पैसे, वेळ आणि घरातली शांतता गेली ती हा हिशोब उलटा मांडल्यामुळे. दुसऱ्या खेपेला आम्ही ज्या क्रमाने गेलो, तो क्रम खाली देतेय. वाटेत भेटलेले गैरसमजही त्या त्या जागी येतील.

पायरी १: "सोयीचं बरोबर ऐकू येतं" हे म्हणणं बंद करा

आप्पा सूतगिरणीत एकतीस वर्षं होते. रिंगफ्रेमच्या खात्यात दिवसभर त्या चात्यांचा आवाज. निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांत आईची तक्रार सुरू झाली: "शेजारच्या काकांचं सगळं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही." आम्ही हसायचो. पण तक्रार शब्दशः खरी होती.

बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीतले आणि दमदार असतात. स, श, फ, थ, च, ट, क ही व्यंजनं दुबळी, आणि त्यातली बरीचशी उंच पट्टीतली. वयाने किंवा गोंगाटाने कान जातो तो सहसा आधी उंच पट्टीत जातो. म्हणून आवाज येतो, शब्द कळत नाही. 'सात', 'हात' आणि 'आठ' यांत 'आ' तेवढा हाती लागतो; 'पाच' आणि 'पास' एकच होतात. पुरुषांचा खर्जातला आवाज बरा कळतो, बायकांचा आणि लहान मुलांचा निसटतो. समोर बसून, शांत खोलीत, ओळखीच्या विषयावर बोललं तर मेंदू ओठांकडे बघून आणि अंदाजाने गाळलेल्या जागा भरतो. पैशाचा विषय निघाल्यावर "बरोब्बर" ऐकू येतं ते त्यामुळे. तोच माणूस पाठमोरा असताना, नळ चालू असताना विचारलेला प्रश्न पूर्ण हरवतो. यात लबाडी काही नाही.

घरात ओळखायच्या खुणा साध्या आहेत. कुकरच्या शिट्ट्यांचा हिशोब चुकायला लागतो. फोन कायम एकाच कानाला. प्रश्न विचारला की आधी "काय?" आणि मग, तुम्ही पुन्हा बोलायच्या आत, उत्तर. कारण मेंदूने तोवर कोडं सोडवलेलं असतं. लग्नाच्या पंगतीत नुसतं हसून मान हलवणं. आणि शेवटी शेवटी, पंगतीला जाणंच टाळणं. "वय झालं, चालायचंच" म्हणून आपण हे सोडून देतो. आप्पांच्या बाबतीत मला आज सर्वात जास्त सलतं ते हेच. भजनाला जायचं त्यांनी ज्या वर्षी सोडलं, त्या वर्षी आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

पायरी २: दुकानाच्या आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर

ऐकू कमी येण्याची सगळीच कारणं कायमची नसतात. मळाचा बोळा, पावसाळ्यात कानात वाढलेली बुरशी, पडद्याला भोक, पडद्यामागे साचलेलं पाणी, मधल्या कानातलं रिकिबीसारखं हाड घट्ट होणं. यातल्या काहींना औषध आहे, काहींना शस्त्रक्रिया. मळ काढून घेतल्यावर "मशीनची गरजच नव्हती" असं कळलेली माणसं मला त्या दवाखान्याच्या बाकड्यावरच दोन भेटली.

डॉक्टरकडे जाईपर्यंत कानात काही घालू नका. कोमट तेल, लसणाची फोडणी घातलेलं तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, सगळं बाहेर ठेवा. पडद्याला भोक असेल तर तेल सरळ मधल्या कानात जातं, आणि ओल्या हवेत बुरशीला तर ते आवतणच. कापसाच्या काड्या मळ काढण्यापेक्षा आत ढकलण्यातच तरबेज. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्यांबद्दल वेगळं लिहायला नको.

आता एक गोष्ट ठळक लिहितेय, कारण इथे दिवस मोजले जातात. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा दोन-तीन दिवसांत झपाट्याने कमी झालं, तर ती तातडीची बाब आहे. "आंघोळीचं पाणी गेलं असेल, उतरेल" म्हणत आठवडा काढू नका. आतल्या कानाला असा अचानक फटका बसला असेल तर स्टेरॉइडचे उपचार लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या काही दिवसांत, सुरू व्हावे लागतात. दोन आठवडे उलटले की फायद्याची शक्यता खूप घटते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि "अचानक झालंय" हे शब्द स्वागतकक्षातच सांगा. एकाच कानाचं ऐकणं कमी होणं, एकाच कानात सतत गुणगुण, गरगरणं, कान वाहणं, दुखणं, ही लक्षणंही मशीनच्या आधी डॉक्टरांनी बघायची. एकाच बाजूच्या तक्रारीत नसेवरची गाठ नाही ना, हे पाहायला कधीकधी एमआरआय करावा लागतो.

पायरी ३: आलेख काढून घ्या आणि तो स्वतः वाचायला शिका

तपासणी बंद खोलीत, हेडफोन लावून होते. बारीक 'टीक टीक' ऐकू आली की बटण दाबायचं. तिचा कागद म्हणजे ऑडिओग्राम. तो फाइलमध्ये पुरून ठेवू नका, वाचायला पाच मिनिटं लागतात. डावीकडून उजवीकडे पट्टी चढत जाते, साधारण २५० ते ८००० हर्ट्‌झ. जणू पेटीची खालची काळी-पांढरी ते वरची. वरून खाली आवाजाची तीव्रता वाढते, डेसिबलमध्ये. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. खुणा जितक्या खाली, तितका आवाज मोठा करावा लागला. साधारण २५ डेसिबलपर्यंत ठीक, ४० पर्यंत सौम्य, त्यापुढे ७० पर्यंत मध्यम ते मध्यम-तीव्र, ९० पर्यंत तीव्र, आणि त्याहून खाली गेलं तर अतितीव्र. आप्पांचा आलेख डावीकडे सपाट होता आणि उजवीकडे घाटासारखा उतरत गेलेला. आईच्या तक्रारीचं चित्रच होतं ते.

इथे सर्वात पसरलेला गैरसमज म्हणजे टक्केवारी. "किती टक्के ऐकू येतं?" असं सगळे विचारतात. ४० डेसिबलची घट म्हणजे ४० टक्के घट नव्हे. डेसिबलची मोजपट्टी सरळ रेषेत वाढतच नाही. दिव्यांग प्रमाणपत्रावर जी टक्केवारी येते ती सरकारी सूत्राने काढलेली, आणि ती वेगळ्या कामाची.

आणखी दोन गोष्टी मागून घ्या. एक, कानामागच्या हाडावर यंत्र ठेवून केलेली तपासणी. दोष मधल्या कानात आहे की आतल्या, ते तिच्यावरून कळतं. दुसरी, शब्दांची तपासणी: पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवल्यावर किती बरोबर सांगता येतात. मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची याचा अंदाज या आकड्यावरून बांधता येतो. आवाज पुरेसा मोठा करूनही निम्मेच शब्द कळत असतील, तर महागातलं महाग मशीनही उरलेले निम्मे आणून देणार नाही. ही तपासणी मराठी शब्दांवर झाली का, ते बघा. आप्पांना पहिल्या ठिकाणी हिंदी यादी वाचून दाखवली होती. हिंदी त्यांना येतं, पण सिनेमापुरतं.

तपासणारी व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे शिकलेली श्रवणतज्ज्ञ, आहे का, हे विचारायला लाजू नका. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक असतो. विक्रेता आणि ऑडिओलॉजिस्ट एकच असायला हरकत नाही. फक्त विक्रेताच असेल तर मात्र उठून या.

पायरी ४: कोणतं घ्यायचं

पहिलं म्हणजे, ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळणारं 'साउंड ॲम्प्लिफायर' हे श्रवणयंत्र नाही. आम्ही तेही घेतलं होतं, एवढ्यासाठी सांगते. ते सगळ्याच पट्ट्या सरसकट वाढवतं. आप्पांना खालच्या पट्टीतलं आधीच ऐकू येत होतं, ते अजून वाढलं; उंच पट्टीतलं हवं होतं, ते पुरेसं वाढलंच नाही. शिवाय अचानक फटाका वाजला तर आवाज कुठे अडवायचा याची मर्यादा त्यात असेलच असं नाही. खऱ्या श्रवणयंत्रात तुमच्या आलेखाप्रमाणे प्रत्येक पट्टीत वेगवेगळी वाढ आणि कमाल आवाजाची मर्यादा संगणकावरून बसवता येते.

"मशीन लावलं की उरलंसुरलं ऐकणंही जातं" ही भीती गावागावांत आहे. नीट बसवलेल्या मशीनने कान बिघडत नाही. तरी ती समजूत येते कुठून, हे बघण्यासारखं आहे. दोन महिने मशीन वापरल्यावर ते काढलं की माणसाला पूर्वीपेक्षा जास्त बहिरं झाल्यासारखं वाटतं. कान तेवढाच असतो. मेंदूला आता भरलेल्या आवाजाची सवय झालेली असते. आणि वयाबरोबरची घट मशीन असो-नसो चालूच राहते, मग खापर मशीनवर फुटतं.

न दिसणारं मशीन हवं, हा आग्रह बहुधा घालणाऱ्यापेक्षा घरच्यांचाच जास्त असतो. कानाच्या आत बसणारी छोटी मशीनं सौम्य ते मध्यम दोषाला चालतात, पण त्यांची बॅटरी वाटाण्याहून लहान. संधिवाताची बोटं आणि मोतीबिंदूचे डोळे असतील तर ती दर काही दिवसांनी बदलणं म्हणजे शिक्षा. कानामागे बसणारं थोडं मोठं मशीन हाताळायला सोपं, आणि जास्त ताकदीचंही. जुन्या पद्धतीचं खिशातलं वायरवालं मशीन आज मागे पडलंय; तरी अंथरुणाला खिळलेल्या, हात थरथरणाऱ्या एखाद्या आजीला मोठी बटणं असलेलं ते यंत्रच सोयीचं पडू शकतं. ज्या घरात दिवसातून चार तास वीज जाते तिथे चार्जिंगचं मशीन घेताना विचार करा. उलट, बोटं आखडलेली असतील तर चार्जिंगचंच बरं.

८ चॅनेल, १६ चॅनेल, ३२ चॅनेल ही बोली दुकानात लागते. चॅनेल म्हणजे मशीन आवाजाच्या पट्ट्यांचे किती वेगळे भाग पाडून हाताळतं ते. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही कान गेलेले असतील आणि बजेट ठरलेलं असेल, तर एका भारी मशीनपेक्षा मध्यम दर्जाची जोडी घ्यावी. आवाज कुठल्या बाजूने आला आणि गोंगाटात कोण बोलतंय, हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो. रस्ता ओलांडताना याची किंमत कळते. किमती काही हजारांपासून जोडीला काही लाखांपर्यंत जातात. त्यातला बराचसा फरक गोंगाट हाताळण्याच्या, ब्लूटूथच्या आणि दिमाखाच्या सोयींचा असतो. दिवसभर दोघंच घरात असलेल्या जोडप्याला त्यातलं किती लागेल, ते तुम्हीच ठरवा. विकत घेण्यापूर्वी घरी वापरून बघायला किती दिवस मिळतील आणि परत केलं तर किती रक्कम कापली जाईल, हे लेखी घ्या. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, बिलावर नजर टाका.

पायरी ५: बसवून घेण्याचा दिवस

या दिवशी घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. आमच्या पहिल्या खेपेला सगळा कार्यक्रम वीस मिनिटांत उरकला होता: संगणकावर आलेख भरला, एक बटण दाबलं, "येतंय का ऐकू?", "येतंय", पावती.

संगणक देतो ती सेटिंग सरासरी कानाची असते. तुमच्या कानाची नळी लांब की आखूड, अरुंद की रुंद, यावर पडद्यापाशी खरोखर किती आवाज पोचतो ते बदलतं. ते मोजायला कानात एक बारीक नळी घालून 'रिअल इअर मेजरमेंट' करतात. ही सोय सगळीकडे नाही. जिथे आहे तिथे जायला अर्धा दिवस प्रवास पडला तरी मी जाईन. नसेल तर निदान मशीन घालून शब्दांची तपासणी पुन्हा करून घ्या, आणि न घालता आलेल्या आकड्याशी ताडून बघा.

त्या दिवशी सांगाव्यात अशा तक्रारी म्हणजे: स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येणं (कानातला रबरी टोप किंवा कानाच्या मापाने बनवलेल्या साच्याचं छिद्र बदलून कमी होतं), जबडा हलवल्यावर शिट्टी वाजणं (साचा सैल आहे), भांड्याचा आवाज टोचणं (कमाल आवाज खाली आणता येतो). "सहन करा, सवय होईल" हे उत्तर पहिल्या दोन तक्रारींना घेऊ नका. सोबत घरातलं एक माणूस न्या, शक्यतो ज्याचं बोलणं सर्वात कमी ऐकू येतं ते. आम्ही आईला नेलं. ऑडिओलॉजिस्टने तिलाच बोलायला लावून सेटिंग केली.

निघण्यापूर्वी मशीन घालणं, काढणं, बॅटरी बदलणं हे ज्याचं मशीन त्यानेच तीनदा करून दाखवायचं. मुलीला येतं, याला अर्थ नाही.

पायरी ६: पहिले दोन महिने

काही ऑडिओलॉजिस्ट पहिल्या दिवसापासून दिवसभर घालायला सांगतात, काही हळूहळू वाढवायला. तुमचे सांगतील तसं करा. आप्पांचं असं चाललं: पहिला आठवडा सकाळी दोन तास, संध्याकाळी एक, घरातच, एका वेळी एकाच माणसाशी, टीव्ही बंद. रोज दहा मिनिटं पेपर मोठ्याने वाचायचा, म्हणजे स्वतःच्या आवाजाशी ओळख होते. दुसऱ्या आठवड्यात टीव्हीच्या बातम्या, पण आवाज आम्हाला सोसेल तेवढाच. बातम्यांत निवेदक समोर बघून, एकटाच बोलतो. मालिकेत पार्श्वसंगीत सगळं गिळतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरातली तीन-चार माणसं एकत्र. मग सकाळचं फिरणं, मग मंडई. लग्नकार्य सर्वात शेवटी. नव्या मशीनचं उद्‌घाटन भाचीच्या लग्नात करायचं ठरवाल तर ते पुन्हा कपाटात जाईल.

नको ते आवाज आधी भंडावतात. फ्रिजची घरघर, घड्याळाची टिकटिक, पाण्याची टाकी भरल्याचा आवाज. "मशीन खरखरतं" म्हणून आप्पा दोन दिवस कुरकुरले. ते पिंपळाच्या पानांची सळसळ होती. आपला मेंदू असे आवाज चाळून टाकायला शिकलेला असतो. त्यांच्या मेंदूला ती चाळणी पुन्हा विणायची असते.

एक वही ठेवा. "मशीन नीट नाही" असं लिहू नका. "स्वैपाकघरात दोघी एकदम बोलल्या की काही कळत नाही", "मोटरसायकलवर वाऱ्याचा घोंघाट" असं लिहा. ऑडिओलॉजिस्टला त्यावरूनच सेटिंग करता येतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत किमान तीन फेऱ्या होतील असं धरूनच चाला. आणखी एक: बहुतेक नवी मशीनं रोज किती तास वापरली याची नोंद ठेवतात. "मी दिवसभर घालतो" असं आप्पांनी छातीठोक सांगितलं, आणि पडद्यावर आलं, सरासरी ४० मिनिटं.

फोनसाठी एक क्लृप्ती. कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वरच्या टोकापाशी असतो. फोन कानाच्या भोकाला न लावता थोडा वर, मशीनजवळ धरायचा. ही एक गोष्ट कळायला आम्हाला सहा महिने लागले.

पायरी ७: आपण कसं बोलायचं

ओरडू नका. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं तिथेच राहतात, आणि चेहरा असा वेडावाकडा होतो की ओठही वाचता येत नाहीत. शिवाय अशा कानांना आणखी एक खोड असते: हळू आवाज ऐकू येत नाही, आणि मोठा आवाज एकदम असह्य होतो. "काय?" "काय??" "अरे, ओरडतोस कशाला!" हा संवाद ज्यांच्या घरात झालाय त्यांना हे लगेच पटेल.

आधी नावाने हाक, त्यांनी वळून बघितलं की मग विषय, आणि मग वाक्य. "आप्पा… वीजबिलाचं बोलतेय… भरलंत का?" विषय कळला की निम्मं काम होतं. दोनदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा नको, शब्द बदला. आतल्या खोलीतून हाक मारून बोलणं बंद करा. मशीन एक-दीड मीटरवर सर्वात चांगलं काम करतं, पुढे अंतर दुप्पट झालं की आवाज घसरत जातो. त्यात आपल्या घरांत गुळगुळीत फरश्या, उघड्या भिंती, वर स्लॅब. आवाज घुमत राहतो. बैठकीत एक जाड पडदा आणि सतरंजी घातल्याने आम्हाला पडलेला फरक बघून मी चकित झाले. आणि "जाऊ दे, काही नाही" हे शब्द विसरा. विनोद निसटला तर पुन्हा सांगा.

पावसाळा, घाम आणि बॅटऱ्या

मशीनचे शत्रू ओल आणि मळ. झोपताना, आंघोळीला, केस रंगवताना काढायचं. रात्री झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या खड्यांसोबत ठेवायचं, बॅटरीचं दार उघडं टाकून. खडे रंग बदलणारे असतात; रंग बदलला की सांगितल्याप्रमाणे सुकवायचे किंवा नवे आणायचे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे रोजचं काम समजा. तांदळाच्या डब्यात मशीन पुरू नका, पिठूळ धूळ माइकमध्ये जाते. पुसायला कोरडं मऊ कापड, पाणी नाही आणि स्पिरिटही नाही. मशीन 'मेलं' असं वाटलं तर आधी बॅटरी, मग टोकावरची मळाची जाळी. निम्म्या वेळा दोष तिथेच निघतो.

नेहमीच्या बॅटऱ्या हवेवर चालणाऱ्या, झिंक-एअर जातीच्या. पिवळ्या लेबलाची १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळी ६७५. चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर उघड्यावर ठेवून मग बसवायची. पट्टी एकदा काढली की वापरा न वापरा, ती संपतच जाते. वापरलेल्या बॅटऱ्या नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळली किंवा नाकात गेली तर तडक दवाखाना.

मास्क काढताना मशीन उडून हरवतं. फेटा, कानटोपी, स्कार्फ, कानातले वेल माइकवर घासून खरखर करतात.

पैशाची बाजू

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यांमध्ये ६० ते ७० डेसिबलची घट म्हणजे 'ऐकू कमी येणारे' आणि ७० डेसिबल म्हणजे 'कर्णबधिर'. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या एडिप योजनेत, उत्पन्नाच्या मर्यादेत, मशीन मोफत किंवा सवलतीत मिळतं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ पासूनची. तपासणी, मशीन, लहान मुलांचं वाचाप्रशिक्षण सगळं तिथे होतं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली, तिच्या साधनांत श्रवणयंत्र आहे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना साधनं घ्यायला एकदाच ३००० रुपये ठरवले होते. निकष बदलत असतात, समाजकल्याण कार्यालयात खात्री करा. एक मात्र लक्षात घ्या: ४५-५० डेसिबलची घट असलेल्या माणसाला प्रमाणपत्र मिळणार नाही, पण मशीनची गरज त्याला पुरेपूर असते. "सरकारने नाकारलं, म्हणजे कान ठीक आहे" असा अर्थ आमच्या एका नातेवाइकांनी लावला होता.

जिथे मशीन पुरत नाही, आणि जिथे घाई हवी

ताकदीचं मशीन नीट बसवूनही बोलणं कळत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रिया करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल, विचारा. ते फक्त बाळांसाठी असतं असं नाही, साठीनंतरही बसवतात.

बाळांच्या बाबतीत मात्र थांबणं नको. "याचे वडीलही उशिरा बोलले" आणि "ताट वाजवलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं" या दोन वाक्यांनी फार वर्षं खाल्लीत. ताटाचा हादरा अंगाला कळतो, आणि काही पट्ट्या ऐकू येणाऱ्या बाळालाही स, श, क ऐकू येत नसतील. जगभर मान्य झालेला हिशोब आहे १-३-६: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

स्मृतिभ्रंशाची भीती घालून मशीन विकणं हल्ली वाढलंय. खरं काय? न हाताळलेलं कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक मानला जातो. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अचीव्ह' चाचणीत ७० ते ८४ वयाचे ९७७ जण होते. सगळे मिळून पाहिले तर तीन वर्षांत मशीनमुळे फरक दिसला नाही. ज्यांना मुळातच जोखीम जास्त होती त्या गटात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. तेव्हा "नाही घेतलंत तर वेड लागेल" म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे दोन्ही आकडे सांगा.

आणि ज्यांचे कान अजून शाबूत आहेत त्यांच्यासाठी: ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर किंवा ढोलपथकाच्या रांगेत तेवढा वेळ कधीच उलटून जातो. पथकातल्या मुलांनी कानात बोळे घालावेत, कापसाचे नाहीत, फोमचे.

आलेख वर्षातून एकदा पुन्हा काढायचा आणि मशीन त्याप्रमाणे बदलून घ्यायचं. आप्पांचा दिवाळीनंतर आहे. उजव्या बाजूच्या मशीनची नळी कडक होऊन शिट्टी मारायला लागलीय. ती मात्र पाऊस सुरू व्हायच्या आत बदलून आणायला हवी.